आधी टेप सांभाळा
अरे, बिलीव्हर या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडचा १९८७ चा डेमो (कच्चं रेकॉर्डिंग) कुणाच्यातरी कॅसेटवरून उचलून, हिस म्हणजे टेपची सळसळ साफ करून परत काढावा म्हणतोयस, त्याला माझा थोडा विरोधच आहे, कारण हिसबरोबर झांजांची धार पण जाते आणि मग थ्रॅशमध्ये उरतं काय. मूळ रेकॉर्डिंगच्या टेपची रील सापडली तर गोष्ट वेगळी. पण त्या काळातल्या बऱ्याच टेप दमटपणाने चिकट होतात, थेट मशीनवर लावली की हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) तपकिरी लगदा जमतो, म्हणून आधी साधारण ५५ डिग्रीला काही तास शेकतात.

बाकी पेनसिल्व्हेनियाच्या या पोरांनी १९९० मध्ये 'सॅनिटी ऑब्स्क्युअर' या अल्बमवर चक्क सोप्रानो (उंच पट्टीत गाणारी) गायिका आणि व्हायोलिन आणलं, भन्नाटच! त्यांचा २००९ चा 'गेब्रियल' अल्बम पण ऐकून बघ.