मदत हवी आहे: लिलावातली ब्रिटिश तलवार, मराठा पलटणीचे बिल्ले आणि जुनी एअर रायफल

घंटाळीकर

नमस्कार मंडळी. नाण्यांपासून सुरू झालेला माझा नाद गेली काही वर्षं लष्करी बिल्ल्यांवर स्थिरावला होता. आता दक्षिण मुंबईत एक लिलाव आहे. बोली घरबसल्या लावता येते, माल मात्र आधी जाऊन हाताळता येणार आहे. त्यातल्या तीन लॉटवर माझा डोळा आहे.

पहिला लॉट तलवारीचा. यादीत नुसतं 'पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश अधिकाऱ्याची तलवार' एवढंच आहे. फोटोत पातं सरळ, एकधारी. परज, म्हणजे हाताभोवतीचं कवच, पोलादी पत्र्याची, जाळी कापलेली, मधोमध मुकुट आणि पंचम जॉर्जची अक्षरं. मुठीला करड्या खरखरीत चामड्यावर तारेचे वेढे. म्यान तपकिरी चामड्याचं. मुठीलगत पात्यावर सहा टोकांची चांदणी आणि तिच्यात पितळेचा ठिपका दिसतो.

दुसरा लॉट म्हणजे 'मराठा पलटण, मिश्र' असा बिल्ल्यांचा ट्रे. बिगुलवाले बरेच, काहींवर राजाचा मुकुट, काहींवर अशोकस्तंभाचे सिंह. कोपऱ्यात 110 आकड्याची खांद्यावरची पितळी जोडी आहे.

तिसरा, बीएसए या इंग्रजी कंपनीची जुनी एअर रायफल. नळीखालचा दांडा ओढून ताणायची. 'स्प्रिंग दुरुस्ती आवश्यक' असा शेरा आहे.

तलवार खरी की शोभेची, हे बघायला गेल्यावर कसं ओळखायचं? ती ठाण्यात घरी ठेवायला कागद काय लागतो? आणि एअर रायफलला परवाना लागत नाही असं सगळेच सांगतात, ते कितपत खरं? बायकोचा प्रश्न वेगळाच आहे, की हे सगळं ठेवणार कुठे. त्याचं उत्तर मी तिला अजून दिलेलं नाही.

जुनी धार

घंटाळीकर, वर्णनावरून ही 1897 च्या नमुन्याची पायदळ अधिकाऱ्याची तलवार आहे. पातं साधारण साडेबत्तीस इंच भरायला हवं. मुठीवरचं खरखरीत चामडं माशाचं असतं. पंचम जॉर्जचा काळ 1910 ते 1936, म्हणजे 'पहिलं महायुद्ध' हा यादीवाल्याचा अंदाज आहे. तीच अक्षरं 1935 च्या तलवारीवरही सापडतील.

वर्ष पक्कं करायचं तर पात्याची पाठ बघा. टॉर्च तिरका धरून मुठीच्या अगदी जवळ आकडे शोधा. विल्किन्सन या इंग्रजी तलवार कंपनीने 1854 पासून आपल्या चांगल्या तलवारींवर अनुक्रमांक घातले आणि त्यांच्या नोंदवह्याही ठेवल्या. आकडा मिळाला तर वर्ष कळतं, बऱ्याचदा घेणाऱ्याचं नावही. चांदणी आणि ठिपका पाहून मात्र विल्किन्सनचीच म्हणून हुरळू नका, तशी खूण इतर कारखानदारही घालत.

खरं-खोटं ओळखायला जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर न्या. जुनं पातं मुठीपाशी जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. शोभेच्या तलवारीची पट्टी बहुधा सगळीकडे सारख्याच जाडीची. मग मुठीचा वरचा शेंडा बघा. जुन्यात पात्याचं शेपूट मुठीतून वर काढून ठोकून बसवलेलं असतं. तिथे नट दिसला तर नंतरची जोडणी समजा. देहराडूनला आजही संचलनाच्या आणि शोभेच्या तलवारी बनतात, काम उत्तम असतं, पण कुणीतरी त्याच आम्लात काळ्या करून आजोबांच्या म्हणून खपवतो. गंज सगळीकडे एकसारखा दिसला की संशय घ्या. खरा गंज म्यानाच्या तोंडाशी आणि टोकाला जास्त धरतो.

नेरूळकरीण

दादा, कागदाचं मी सांगते, कारण माझं काम याच्या आसपासचं आहे. खंडेनवमीला घरोघरी तलवार पुजली जाते म्हणून लोकांना वाटतं तलवारीला कायदाच नाही. शस्त्र नियम 2016 मध्ये नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं हत्यार शस्त्रांच्या यादीत आहे. घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची अवजारं तेवढी वगळलीत. तलवारीसह पकडल्याच्या बातम्यांत शस्त्र कायद्याची कलमं 4 आणि 25 हमखास असतात. तेव्हा बोली लावण्याआधी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्याकडे नवी मुंबईचं आयुक्तालय वेगळं, सीबीडी बेलापूरला. तुम्ही ठाण्याचे, तिथेच जा.

आणखी एक. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, त्यांत तलवार, भाले, काठ्या बरोबर बाळगायला बंदी असते. त्या दिवसांत तलवार खांद्याला लावून फास्ट लोकलने ठाण्याला उतरू नका. लाकडी पेटी, वर लिलावाची पावती, आणि गाडी थेट घरापर्यंत.

शंभर वर्षांचा प्रश्नही महत्त्वाचा. 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभरी ओलांडलेली ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. उद्या लंडनच्या लिलावात विकू असा हिशेब असेल तर तो आत्ताच सोडा.

पितळी बटण

रायफलीकडे सगळे वळण्याआधी माझे दोन शब्द, कारण मला या यादीत सगळ्यात मोलाचा तो ट्रे वाटतो. 1922 च्या फेररचनेत 103, 105, 110, 114, 116, 117 या आकड्यांच्या मराठा पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. म्हणजे 110 ची जोडी खरी असेल तर ती 1922 च्या आधीची. ही पलटण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती, कूतच्या वेढ्यात अडकली आणि एप्रिल 1916 मध्ये तिथल्या फौजेबरोबर शरण गेली. अशा वस्तू जपून राहणं मुळातच कठीण.

बिल्ला उलटा करून बघा. ठशाने मारलेला असेल तर मागे पुढच्या चित्राचा खळगा दिसतो, कडा तीक्ष्ण असतात. ओतीव असेल तर मागची बाजू सपाट आणि बारीक छिद्रांची. पण इथे पुस्तकी नियम आंधळेपणाने लावू नका. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे स्थानिक ओतीव बिल्ले खरोखर वापरात होते. ते ओबडधोबड असतात आणि तरी अस्सल असतात. माझा भर बिल्ला अडकवायला पाठीवर जोडलेल्या कडीवर असतो. डाख, म्हणजे तिचा धातूचा जोड, चकचकीत आणि बिल्ला काळपट, तर कडी नवी.

मुकुटही नीट बघा. 1901 नंतरचा राजाचा मुकुट घुमटासारखा गोल, आणि 1953 पासूनचा राणीचा मधे दबलेला. मराठा बिल्ल्यावर दबलेला मुकुट दिसला तर तो ट्रेमध्ये तसाच ठेवून द्या, तोवर आपल्याकडे सिंह आले होते. आणि घरी आणल्यावर ब्रासो, म्हणजे पितळेच्या पॉलिशला, हात लावायचा नाही. कळंक चढलेला बिल्ला चालतो, घासून अक्षरं गेलेला नाही.

जुनी धार

रायफलीचं मी सांगतो. परवाना लागत नाही हे अर्धंच खरं. सूट आहे ती 4.5 मिलिमीटर, म्हणजे .177 इंचापर्यंतच्या नळीला, आणि तीही 20 ज्यूलच्या आतल्या जोराला. जुन्या बीएसए पुष्कळशा .22 च्या असतात. जोर बेताचा, पण नळी मोठी, म्हणून परवाना लागणारच. जुन्या मॉडेलवर '2' असा आकडा ठोकलेला दिसला तर ती .22 समजा. तरी कॅलिपर नळीच्या तोंडाला लावाच. साडेपाचच्या आसपास माप आलं तर लॉट सोडा.

'मोडकी आहे, चालत नाही' हा बचाव ऐकू येतो. कलम 45 मधली सवलत दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्याराला आहे. इथे तर यादीतच 'दुरुस्ती आवश्यक' लिहिलंय.

घंटाळीकर

सगळ्यांचे आभार. आज जाऊन माल बघून आलो. रायफलीची नळी 5.5 भरली, विषय संपला. तलवारीच्या पाठीवर पाच आकडी क्रमांक आहे, पातं टोकाकडे छान पातळ होतं, शेंडा ठोकलेला. क्रमांकाचं वर्ष शोधायला दिलंय आणि परवाना शाखेत अर्जही टाकला. उत्तर येईपर्यंत तलवारीवर बोली नाही, मग ती हातची गेली तरी चालेल. ट्रेमध्ये दबलेल्या मुकुटाचे काही निघाले, पण 110 च्या जोडीचा डाख जुना वाटला. तिथे किती वर जावं?

पितळी बटण

आकडा ठरवताना हातोड्याच्या, म्हणजे शेवटच्या बोलीच्या किमतीवर लिलाववाल्यांचं कमिशन आणि जीएसटी धरा, नाहीतर बिल बघून घाम फुटतो. ट्रेमधले तुम्हाला खरोखर हवे तेवढेच बिल्ले मोजा, बाकीच्यांची किंमत शून्य धरा. मी रक्कम सांगणार नाही. त्या 110 वर मीही बोली लावणार आहे.