नंबरप्लेटा जमवण्याच्या छंदाला काय म्हणावे?

प्रश्न : वाहनांच्या जुन्या नंबरप्लेटा जमवण्याच्या छंदाला मराठीत सुटसुटीत नाव आहे का? नाणेसंग्रह किंवा तिकीटसंग्रह म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही; इथे मात्र दर वेळी अख्खे वाक्य लिहावे लागते. ‘क्रमांकपट्टिका-संग्रह’ असे एकाने सुचवले आहे, पण तो शब्द सरकारी परिपत्रकातून उचलल्यासारखा वाटतो.

उत्तर : ‘पट्टिका’ सोडून द्यावी, आणि तिच्याबरोबर ‘पट्टी’ही, कारण पट्टी म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे फूटपट्टी येते. दारावर, दुकानावर, गल्लीच्या तोंडाशी जे लावलेले असते, ज्यावरून आतले किंवा पुढचे ओळखायचे असते, त्याला आपण पाटीच म्हणतो. गाडीचा क्रमांक ज्यावर रंगवला किंवा ठोकून उठवला आहे, तो पत्राही त्याच कुळातला आहे. बोलण्यात ‘नंबरप्लेट’ रुळला आहे आणि तो हुसकावून लावण्याचे कारण नाही. आपण तिला स्त्रीलिंगी केले आहे आणि ‘प्लेटा’ हे अनेकवचनही दिले आहे, जे मला छापील ‘प्लेट्स’पेक्षा अधिक मराठी वाटते. छंदाचे नाव मात्र ‘पाटीसंग्रह’ असावे. मोघम वाटल्यास ‘वाहनपाटी-संग्रह’.

आणखी एक मत : ‘पाटीसंग्रह’ मान्य, पण त्यात दोन वेगळे छंद एकत्र होत आहेत. अमेरिकेतील अनेक राज्यांत गाडी विकली तरी पाटी मूळ मालकाकडे राहते, आणि जुन्या पाट्या बदलून नव्या दिल्या जातात, त्यामुळे सुटे पत्रे मुबलक मिळतात; तिथल्या संग्राहकांची संघटना १९५४ पासून आहे. आपल्याकडे सामान्यतः क्रमांक गाडीला चिकटलेला असतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना जी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, तिचे कुलूप एकदा बसले की न मोडता निघत नाही. म्हणून कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जुना पत्रा मिळाला तर मिळाला; एरवी इथला छांदिष्ट रस्त्यावर दिसलेले क्रमांक वहीत लिहितो किंवा त्यांची छायाचित्रे काढतो. त्याला संग्रह न म्हणता ‘नंबर टिपणे’ म्हणावे.

या छंदाला उपयोगी पडणारा एक शब्द आपल्या बोलीत तयारच आहे, तो म्हणजे ‘पासिंग’. ‘गाडी कुठल्या पासिंगची?’ या प्रश्नाचे उत्तर ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली असे येते, म्हणजेच अनुक्रमे एमएच ०१, ०२, ०३ आणि ४७. नोंदणी, तिचे ठिकाण आणि त्यामुळे गाडीला मिळणारी ओळख हे सगळे त्या एका शब्दात मावते, आणि त्याला ‘नोंदणीस्थान’ हा पर्याय सुचवणाऱ्याने तो एकदा टॅक्सीवाल्यापुढे उच्चारून पाहावा. ट्रक-टेम्पोवाले योग्यता तपासणीलाही पासिंगच म्हणतात, तेव्हा लिहिताना संदर्भ स्पष्ट ठेवावा.

शंका : टिपणवहीत ‘काळी पाटी’ असा रकाना चालेल का?

उत्तर : नुसता चालणार नाही. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत खासगी गाड्यांना काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे असत. आज काळ्यावर पिवळी अक्षरे स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची असतात. जुन्या पाट्यांसाठी ‘काळी-पांढरी’ आणि भाड्याच्या गाड्यांसाठी ‘काळी-पिवळी’ लिहावे असे सुचवले असते, पण मुंबईत काळी-पिवळी म्हणजे टॅक्सी, आणि तिची पाटी आता पिवळ्यावर काळी. म्हणून ‘जुनी खासगी’ आणि ‘भाड्याची’ असे दोन रकाने करावेत. शिवाय १९८९ पूर्वीच्या, ‘बीएम’पासून सुरू होणाऱ्या तीन अक्षरांच्या मुंबईच्या पाट्यांना वेगळे पान द्यावे, कारण तिथे एमएच नाही आणि पासिंग अक्षरांवरूनच ओळखावे लागते.