साठीपुढचे कडे, गोळ्या आणि राजकारण: अनुभव लिहा

कोल्हापुरातून ऐंशीच्या दशकात दोर, खडकात ठोकायच्या मेखा आणि हंटर शूज घेऊन सह्याद्रीत शिरलेली जी पोरं होती, ती आता साठी-सत्तरीत आहेत. भेट झाली की आधी गुडघे, मग साखर किती, मग मत कुणाला. पहिल्या दोन विषयांवर एकमेकांना गोळ्यांची नावं सांगतो, तिसऱ्यावर ग्रुप सोडून जातो. म्हणून म्हटलं, तिन्ही एका जागी लिहू. अटी दोनच: आलेले फॉरवर्ड इथं ढकलायचे नाहीत आणि दुसऱ्याला औषध सुचवायचं नाही. स्वतःच्या अंगावर काय आलं तेवढं लिहा. नाव नको, पेठ किंवा गाव आणि वय पुरे.

पहिला मीच.

राजारामपुरी, वय ६६

मला वय जाणवलं ते चष्म्यामुळं. प्रोग्रेसिव्ह काच आहे, वरून लांबचं बघायचं, खालून वाचायचं. रस्त्यावर झकास. कड्यावर मात्र पाय ठेवायची खाच बघायला नजर खाली गेली की ती नेमकी वाचायच्या भागातून जाते आणि पाच फुटांवरची बोटभर खाच धुरकट दिसते. पाय नीट बसत नाही, मग सगळा भार हातावर येतो, हात भरतात आणि वाटतं की ताकद संपली. आता फक्त लांबच्या नंबरचा साधा चष्मा करून घेतलाय, मागं इलॅस्टिक लावून. नकाशा वाचायला खिशात दुसरा.

दुसरं दुखणं कानाचं. उजव्या कानातलं यंत्र वाऱ्यात नुसतं घोंघावतं. वरचा 'दोर सोड' म्हणाला की 'दोर ओढ', हे बिले देणाऱ्याला, म्हणजे दोर सांभाळणाऱ्याला, कळलं नाही तर काय होईल ते इथं कुणाला सांगायला नको. म्हणून आमच्या जोडीनं हाका बंद केल्या. आता दोराचे हिसके आणि शिट्टी यांवर काम चालतं.

राजकारणावर मी शेवटी बोलेन. आधी तुम्ही भांडून घ्या.

शिवाजी पेठ, वय ७१

डॉक्टरकी नको म्हणतोस आणि पहिलाच चष्म्याचा दवाखाना मांडलास की रे! असू दे. तालमीत वाढलेलं अंग आपलं, वाटायचं आपल्याला काय हुतंय. छातीत कळ आली ती टीव्हीवर निकाल बघताना. कुठल्या निवडणुकीचा ते सांगत न्हाई, उगं परत कळ यायची. दोन स्टेंट पडल्या. आता ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करायची आणखी एक गोळी. डॉक्टर म्हणाले, चढा, चाला, पण डोकं आपटून घेऊ नका, आतल्या आत रक्त साचलं तर लगेच कळायचं न्हाई. म्हणून लीड, म्हंजे पुढं राहून दोर वर नेत चढणं, बंद. वरून दोर असंल तरच चढतो. आमच्या येळला हेल्मेट घालणाऱ्याला भित्रा म्हणायचे. आता बायको म्हणते, रंकाळ्यावर फिरायला जातानाबी घाला.

राजकारणाचं म्हणशील तर माझा राग रेल्वेवर हाय. पुरुषाला साठीनंतर चाळीस टक्के सवलत हुती, बायकांना अठ्ठावन्ननंतर पन्नास. मार्च २०२० ला कोरोनात काढली, कोरोना गेला, सवलत काय परत आली न्हाई. खंडाळ्याला ड्यूक्स नोजचा कडा करायला आम्ही रेल्वेनंच जायचो. एसटीचं बरं हाय, ६५ नंतर निम्मं तिकीट, ७५ नंतर फुकट. माणसं म्हातारपणाला भितात, मी पंच्याहत्तरीची वाट बघतोय.

मंगळवार पेठ, वय ६३

बायका लिहिणार का, असं कुणी विचारायच्या आत लिहिते. मी एनसीसीतून या खेळात आले. त्या काळी मुलीनं कमरेला हार्नेस बांधला की पेठेत आठवडाभर चर्चा. ज्या घरांतून तेव्हा नावं ठेवली गेली, त्याच घरांतल्या सुना आता मुलीला ट्रेकला पाठवायच्या आधी मला फोन करतात. २०२२ ला आपली कस्तुरी सावेकर एव्हरेस्टवर पोचली, त्यानंतर तर फोन वाढलेच.

तब्येतीचं सांगायचं तर, थोरल्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी हाडांची घनता तपासून घेतली. कमरेचा आकडा चांगला आला नाही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात हे वाचून माहीत होतं, स्वतःच्या कागदावर बघताना वेगळं वाटतं. स्नायूंचंही तेच. तिशीनंतर दर दशकात साधारण तीन ते आठ टक्के घट, साठीनंतर वेग आणखी वाढतो. रोज चालतच होते, पण नुसत्या चालण्यानं ती घट भरून निघत नाही, वजन उचलावं लागतं. व्यायामशाळेत गेले तर पोरं म्हणाली, "काकू, योगा शेजारच्या हॉलमध्ये." आता तीच पोरं बारवर वजन लावून देतात.

आणि शिवाजी पेठवाले भाऊ, आपल्या ग्रुपवर 'लाडकी बहीण'ला रेवडी म्हणणारे आणि एसटीत निम्मं तिकीट काढणारे तुम्हीच ना? मी पण निम्म्या तिकिटातच फिरते, मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना आहे. मला त्याची लाज नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी योजना आली तेव्हा ६६ च्या होत्या, योजना ६५ पर्यंतच. भांडी घासायला वयाची अट नाही, दीड हजाराला आहे. यावर कुणी बोलत नाही. गडावर बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, यावरही नाही.

उचगाव, वय ६०

माझं थोडक्यात. साखर आहे, त्यात डावा खांदा आखडला. साखर असलेल्यांना हे जास्त होतं म्हणे. दीड वर्ष शर्टाची बाही चढवताना रडलोय. आता हात डोक्याच्या वर जातो, पण ओव्हरहँगखाली, म्हणजे बाहेर झुकलेल्या कड्याखाली, जात नाही, आणि मी पण जात नाही.

सप्टेंबर २०२५ ला वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी काढला, त्याबद्दल सरकारला खुशाल टाळी. पण विम्याच्या अर्जात 'साहसी खेळ खेळता का' हा रकाना असतो. तिथं खरं लिहिलं की हप्ता किंवा नकार, खोटं लिहिलं की दाव्याच्या वेळी कागद काढून दाखवतात. तुम्ही काय लिहिता?

कागल तालुका, वय ६८

साखर कारखान्यात फिटर होतो. आमच्या पहिल्या मेखा आम्ही उद्यमनगरात ओळखीच्या भट्टीवर घडवून घेतल्या होत्या. बाहेरची मेख परवडायची कुणाला? त्यातल्या काही अजून पन्हाळ्याच्या बाजूला खडकात आहेत. तरुण पोरांना हात जोडून सांगतो, त्यात कॅरॅबिनर, म्हणजे दोराची कडी, अडकवू नका. बाहेर दिसतो तो भाग नुसता काळा पडलेला असतो, पण खडकात बसलेला आतून सडलेला असतो. हातोडीनं हलकं ठोकून बघा. घट्ट असली तर टणटण वाजते, गेलेली असली तर बद्द आवाज येतो. आमच्या वयाची माणसं पण अशीच तपासावीत.

पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांची. किमान हजार रुपये, २०१४ पासून तेवढेच. मला हजाराहून थोडे जास्त येतात, फुशारकी मारावी इतके नाहीत. साठ मीटरचा चांगला डायनॅमिक, म्हणजे पडल्यावर ताणून झटका झेलणारा, दोर दहा हजारांच्या पुढं गेलाय. नुसता पेटीत ठेवला तरी दहा वर्षांनी बाद करा असं बनवणारेच सांगतात. म्हणजे पेन्शनीतून नवा दोर घ्यायचा तर बाकी सगळं सोडून त्यासाठीच साठवत बसावं लागेल. पेन्शनवाढीच्या मोर्चाला जातो. तिथं सगळ्या पक्षांचे लोक येऊन पाठिंबा देऊन जातात. आमच्या कागलात तसंही कुणी पक्ष विचारत नाही, गट कुठला तेवढं विचारतात.

उचगावला उत्तर: मी त्या रकान्यात 'डोंगरात फिरतो' असं लिहिलंय. पुढं देव बघून घेईल.

मलकापूर, शाहूवाडी, वय ६५

निवृत्त शिक्षक. विशाळगडाचं कुणी काढणार नाही असं दिसतं, म्हणून मी काढतो. १४ जुलै २०२४ ला गडावरच्या अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनात जी तोडफोड झाली त्यावरून आपला जुना ग्रुप फुटला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गडावरची अतिक्रमणं हटायला हवीत हे मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. धर्म बघून नव्हे, सगळ्यांचीच. पण त्या दिवशी घरं फुटली ती गडाखालच्या गजापुरात, आणि ती घरं गडावरची अतिक्रमणं नव्हती. पावनखिंडीच्या मोहिमेत पन्हाळा सोडून मसाई पठार, कुंभारवाडी, मांडलाईवाडी, पांढरपाणी करत चिखलातून आलेली पोरं पुढं गजापुरावरूनच गडाकडे जातात. भिजलेल्या पोरांना तिथल्या चुलीपाशी बसवून घेतलेलं मी पाहिलंय. त्यामुळं 'तिथले लोक' असं मोघम कुणी बोललं की मी विचारतो, कुठल्या घरातले? बहुतेकांना सांगता येत नाही.

शिवाजी पेठ, वय ७१

गुरुजी, त्या येळला मी तुमाला लई बोललो. माझं मत अजून तेच हाय, की वर्षानुवर्षं कागद हलत न्हाई म्हणून माणसं चिडतात. चिडण्याचं कारण खोटं न्हवतं. पण गजापूरची घरं फोडली ते वाईटच झालं, त्यात दोन मतं न्हाईत. ग्रुपमध्ये परत या. आमी तिघंच उरलोय, त्यातला एक नुसतं गुड मॉर्निंग टाकतो.

मलकापूर, शाहूवाडी, वय ६५

येतो. गुड मॉर्निंगवाल्याला आधी काढा.

पन्हाळा, वय ६९

आम्ही गडावरच राहतो, त्यामुळं तुमचं ट्रेक संपतं तिथं आमचं घर सुरू होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात पन्हाळा आहे. अभिमान आहेच. पण गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहे, माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. छपराचा पत्रा बदलायचा तरी कुणाची परवानगी, ही धास्ती यादीच्या आधीपासून होती, आता वाढली. बैठकीत विचारलं की 'काळजी करू नका' असं सांगतात. काळजी करू नका म्हटलं की मी करायला लागतो.

चढाईवाल्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडं पन्हाळ्यावर, मसाईवर वरचा थर जांभ्याचा आहे, काळा बेसाल्ट त्याच्या खाली. जांभा उन्हाळ्यात कडक वाटतो, पावसाळ्यानंतर हातात येतो. २०२१ च्या पावसात गडावर येणारा मुख्य रस्ताच खचला होता. तरुणपणी निसटलेल्या पकडीतून हात झटकन दुसरीकडं जायचा. आता तेवढा झटका नाही, म्हणून मी दिवाळीनंतर चांगलं ऊन पडेपर्यंत जांभ्याला हात लावत नाही.

गारगोटी, वय ६४

भुदरगडाच्या पायथ्याचा माणूस. गुडघ्यांचं सगळ्यांसारखंच. चढताना काही नाही, उतरताना देव आठवतो. दोन काठ्या घेतल्यापासून बरंय.

शक्तिपीठ महामार्गावर बोलायचंय. नागपूर ते गोवा, मूळ आराखड्यात ८०२ किलोमीटर. २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती अधिसूचना रद्द झाली, निवडणूक झाली, २०२५ ला विषय परत उभा. माझी दीड एकर बागायत. शहरातले चढाईवाले मित्र म्हणतात, रस्ता झाला की रांगणा किल्ल्याला लवकर पोचू. रांगण्याला लवकर पोचून काय करणार आहात? तिथं मजा आहे ती वाटेचीच. तुम्ही पर्यावरणावर पोस्टी टाकता, मग आमच्या उसाच्या शेतावर आल्यावर विकास का आठवतो, एवढंच विचारायचं होतं.

सम्राटनगर, वय ७३

मी चढाई थांबवली. दुखणं वगैरे मोठं काही नाही. बीपीच्या गोळीनं घोटे सुजायचे, चढाईचे घट्ट बूट चढेनात, गोळी बदलून तेही सुटलं. बोटं मात्र बदलून मिळत नाहीत. बारीक पकडीवर लटकलं की बोटातल्या स्नायुबंधाला आवळून धरणाऱ्या पट्ट्यांवर ताण येतो. तिथं रक्तपुरवठा कमी, म्हणून विशीत दोन महिन्यांत भरायचं ते आता वर्षभर ठणकतं. एकदा हिशोब केला की या बोटांनी मला पुढं काय करायचंय. तबला वाजवायचाय. थांबलो.

जानेवारी २०२० मध्ये गिर्यारोहक अरुण सावंत हरिश्चंद्रगडाच्या परिसरात अपघातात गेले तेव्हा 'आवडत्या जागी गेले' असं बरेच जण म्हणाले. मला ते वाक्य तेव्हाही रुचलं नाही. साठीच्या आसपासचा, इतका जाणता माणूस, अजून वीस वर्षं पोरांना शिकवत राहिला असता.

मी पोरांना गाठी शिकवतो. राज्य सरकारचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची आहे. आमच्यातले बरेच जण त्यावर चिडले, 'डोंगरात जायला सरकारचा शिक्का कशाला' म्हणून. मला पटतं ते धोरण. पन्नास-साठ पोरं एका बसमध्ये भरून, एक दोर घेऊन रॅपलिंगला, म्हणजे दोरानं कडा उतरायला, नेणारे मी बघतो. शिक्का हवाच. तपासायला माणूसही हवा, तो अजून कुठं दिसला नाही.

राजारामपुरी, वय ६६

आता माझं. मी मत कुणाला देतो ते सांगणार नाही, पण हे सगळं वाचून एक ठरवलंय. पुढच्या उमेदवाराला दारात आल्यावर विचारायचं: मावशींच्या दीड हजाराचं काय, कागलच्या हजाराचं काय, पन्हाळ्याच्या पत्र्याचं काय. गडावर पुतळा किती फुटी, हे त्यानं सांगायला सुरुवात केली की चहा न देता दार लावायचं.

कागल तालुका, वय ६८

भाषण बास. त्या जुन्या मेखा काढायला कोण येतंय ते सांगा. हातोडी, छिन्नी माझ्याकडं आहे. निघाली नाही तर ड्रिल लागेल.

मंगळवार पेठ, वय ६३

ड्रिल माझ्या मुलाचं आहे, आणते. गुरुवार सोडून कधीही, गुरुवारी डॉक्टर आहेत.

पन्हाळा, वय ६९

ड्रिल घेऊन गडाच्या कड्याला कुणी लागू नका. संरक्षित स्मारक आहे, आधी पुरातत्त्व खात्याकडं अर्ज करावा लागेल. मसुदा गुरुजींनी लिहावा, सह्या सगळ्यांच्या.