हजारपट मोठं करूनही विषाणू का दिसत नाही?

रेवाची_आई:
लेकीनं काल दातावरचा कीट खरवडून काचपट्टीवर पसरला, सुकवला, त्यावर मिथिलीन ब्लू टाकलं आणि ऑइल लेन्सखाली १००० पट मोठं करून पाहिलं. निळे ठिपके, काड्या, झकास दिसलं सगळं. मग म्हणते, "आता सर्दीचा विषाणू दाखव." मी म्हटलं, तो फार लहान असतो. "मग अजून मोठी लेन्स आण की!" इथे माझं घोडं पेंड खातंय.

जुनी_काचपट्टी:
ताई, लेन्स बदलून भागणार नाही. गोम प्रकाशातच आहे. दोन बिंदूंमधलं अंतर २०० नॅनोमीटरपेक्षा (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कमी झालं की साध्या मायक्रोस्कोपला ते एकच दिसतात. पुढे कितीही मोठं करा, डागच मोठा होतो. ई. कोलाय या जीवाणूची काडी साधारण २००० नॅनोमीटर लांब, फ्लूचा विषाणू १०० च्या आसपास, सर्दीचा जेमतेम ३०. त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच हवा.
लेकीला सांगा, ती काडी दोन मीटरचा पलंग धरली तर सर्दीचा विषाणू म्हणजे त्यावरची मोठी गोटी.

शंकेखोर:
म्हणजे मोठा तो जीवाणू, लहान तो विषाणू. संपलं?

जुनी_काचपट्टी:
तिथेच तर फसायला होतं. १८९२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ इव्हानोव्स्कीनं रोगट तंबाखूच्या पानांचा रस चिनीमातीच्या गाळणीतून गाळला. जीवाणू अडकायला हवे होते, तरी रस रोग लावतच राहिला. तेव्हापासून 'गाळणीतून जातो तो विषाणू' हे डोक्यात बसलं. पण मायकोप्लाझ्मा हा जीवाणू असून ०.२२ मायक्रॉनच्या, म्हणजे २२० नॅनोमीटरच्या फिल्टरमधून निसटतो. मी प्रयोगशाळेत वाढवत असलेल्या पेशींच्या बाटल्या त्यानं दोन महिने नासवल्या. द्रव काचेसारखा स्वच्छ, पेशी मात्र वाढेनात! डीएनएला चिकटणारा रंग घातला तेव्हा चोर सापडला.
उलट मिमिव्हायरस. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या एका कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमीबात मिळाला, साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसला, म्हणून जीवाणूच समजले. विषाणू आहे हे जाहीर झालं २००३ मध्ये.

रेवाची_आई:
पलंगावर गोटी ठेवून दाखवली. आता विचारतेय, ती गोटी पलंगाला आजारी पाडते का?

जुनी_काचपट्टी:
भारी पोरगी! सर्दीची गोटी नाही पाडत, तिला आपल्याच पेशी लागतात. पण जीवाणूंवर जगणारे विषाणू वेगळे असतात, फाज म्हणतात त्यांना. ई. कोलायवरचा टी४ डोक्यापासून शेपटीपर्यंत सुमारे २०० नॅनोमीटर. तुमच्या पलंगावर वीतभर.