मदत हवी आहे: शिक्षकांसाठी कृतज्ञता पुस्तिका

नमस्कार मंडळी. दहावीच्या बॅचतर्फे ५ सप्टेंबरला शिक्षकांना शाल-श्रीफळासोबत पुस्तिका द्यायची आहे. प्रत्येकाने एकच लिहायचं: सरांनी-बाईंनी लावलेली कोणती सवय आजही टिकून आहे. ‘खूप प्रेरणा मिळाली’ एवढंच आलं तर मजकूर परत पाठवतो. ‘उत्तर मूळ समीकरणात घालून ताळा कर, मगच खाली रेघ मार’ ही बाईंची शिस्त आज हिशेब तपासताना कामी येते, असं नेमकं हवं.

आकार ए-फाइव्ह, मधोमध पिना, म्हणून पानं चारच्या पटीत, ४८. टाइप १६ पॉइंट, कारण बहुतेक गुरुजन सत्तरीपुढचे. हस्तलिखित पत्रं ३०० डीपीआयला स्कॅन करून डॉक्युमेंट म्हणूनच मागवतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आली की बारीक अक्षर फुटतं.

अडलंय इथे: मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइलवर नेहमी टाइप करतो ते मराठी), प्रेसचं काम युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये. कन्व्हर्ट केलं की रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, आणि शिक्षकांच्या हातात अशुद्ध मराठी द्यायची नाही. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) लावून, फाँट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली पीडीएफ कोणी करून देईल का? मुद्रितशोधनासाठीही कोणी सुचवा.

दिवंगत शिक्षकांची पानं वेगळी काढावीत का? मला तरी ती विषयवार क्रमातच हवीत.