'पाकीट भरले दीड तोळा' म्हणजे काय?

प्रश्न
आजोबांची १९५४ सालची जमाखर्चाची वही सापडली. एके ठिकाणी लिहिलंय, 'मुंबईस पाकीट, भरले दीड तोळा, जादा तिकीट.' पत्रं तोळ्यावर तोलायचे? मला तोळा फक्त सोन्याचा माहीत.

निवृत्त टपालवाला
तोळ्यावरच. दर तोळ्याला ठरलेला, त्यापुढे गेलं की जादा तिकीट. कमी लावलंत तर पत्र नॉटपेड होऊन ज्याला पाठवलं त्याच्याच गळ्यात. तोळा मुळात रुपयाच्या नाण्याइतकं वजन, १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुनी माणसं 'रुपयाभार' म्हणत ते हेच. घरी पत्र तोलायचं तर एका पारड्यात बंदा रुपया टाकायचा, झालं. पुढे १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, नकाशाची तिकिटंही त्याच दिवशी. वजनमापाचा कायदा १९५६ चा, पण किलो-ग्रॅमची अंमलबजावणी १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं. पोस्टातून तोळा गेला तो असा गेला की आता २० ग्रॅमच्या टप्प्याशिवाय कोणी बोलत नाही.

सराफकट्टा
आमच्याकडून मात्र तो हलला नाही, नुसता रोडावला. आज दुकानात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. आजीच्या पाटल्या 'चार तोळ्यांच्या' असं घरात सांगत असतील तर आधी विचारा, कुठले तोळे? जुने असतील तर साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर, नवे असतील तर चाळीस. यावरून भावाभावांत वाजलेलं मी पाहिलंय. एका तोळ्याचे १२ मासे, ९६ गुंजा हा जुना वजनांचा हिशेब आता कोणी विचारत नाही.

किराणावाला
पावशेराचं उलट झालं, तो फुगला. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव २३३. आता 'पावशेर मिरच्या द्या' म्हटलं की मी २५० चं वजन टाकतो आणि गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं. अच्छेर म्हणजे अर्धा किलो. पण 'शेरभर साखर' म्हणून गेल्या कित्येक वर्षांत कोणी आलेलं नाही. पाव उरला, अर्धा उरला, अख्खा शेर म्हणीत गेला.

गावाकडचा
थांबा, शेर सगळीकडे वजनाचा नव्हता. आमच्याकडे धान्याचा शेर मापाचा: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यात ज्वारी भरली की एक वजन, बाजरी भरली की दुसरं. शीग लावून की सपाट, यावर मापाऱ्याशी हुज्जत ठरलेली. त्यामुळे शेराचे ग्रॅम करताना आधी कुठला शेर ते सांगा.

किराणावाला
मान्य. मी काट्यावरचा पक्का शेर धरला होता.

साडीवाली
कापडात वार गेला, मीटर आला. पण नऊवारीला कोणी सव्वाआठमीटरी म्हणून दाखवावं!

निवृत्त टपालवाला
सराफांच्या तोळ्यावरून आठवलं. १९६२ चा निकेलचा रुपया बरोबर १० ग्रॅमचा आहे. म्हणजे तोळा रोडावला तसा ज्याच्यावरून तो मोजायचे तो रुपयाही रोडावला. योगायोग असेल, पण 'रुपयाभार' म्हणणाऱ्याचं त्यामुळे काही चुकत नाही.

प्रश्नकर्ती
वहीच्याच पेटीत जॉर्ज राजाचा चांदीचा एक रुपया निघाला. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवला तर १२ दाखवतो, कारण तो पूर्णांकातच बोलतो. मग रुपयावर आठ आण्याचं जुनं नाणं ठेवलं: १७. बहुधा आजोबांचं पाकीट एवढंच भरलं असणार. आईला विचारलं तर म्हणाली, मुंबईला आत्या होती, चार-चार पानं लिहायचे.