वरुडले फ्लॅट घेऊन राह्यलो, बिल्डर म्हणते ‘ग्रीन बिल्डिंग’. खरं-खोटं कसं पाहाचं?

संत्रावाला_वरुड
राजेहो एक मदत पाह्यजे. आमचं खेडं वरुडपासून ११ किलोमीटर, आई-बाबा तिथंच राह्यतात पण पोरांच्या शाळेपायी वरुडात फ्लॅट पाहून राह्यलो. जिथं स्कीम होऊन राह्यली तिथं चार वर्षाआधी संत्र्याचा बगीचा होता, आता खाली पार्किंग अन् वर चार मजले, २४ फ्लॅट. कागदावर हिरवं पान छापलं अन् ‘इको फ्रेंडली’ लिवलं हाय, विचारलं तं म्हणे फ्लाय ॲशची (कोळशाच्या राखेची) वीट हाय अन् जिन्यात एलईडी. बस. बोअर ९०० फूट हाय हे त्यानं मोठ्या अभिमानानं सांगतलं. मले हे समजून घ्याचं हाय का अशा बिल्डिंगीले लाईट किती लागन, उन्हाळ्यात आत भट्टी होईन का, अन् पर्यावरणाचं किती वाटोळं होते हे मोजतात कसं. बायको म्हणते बजेटमध्ये बसलं तं घ्या, कायले डोकं खाजवता.

साईटवरचा_माणूस
भाऊ मी अमरावतीकडं साईटवर काम करतो म्हणून सांगतो. तुह्या स्कीमले पर्यावरण मंजुरीच लागत नाही, २००६ च्या अधिसूचनेत ती २०,००० चौरस मीटर बांधकामापासून वर लागते अन् तुही बिल्डिंग असन अडीच-तीन हजारांची. म्हणजे सरकारात कोणी मोजलंच नाही, तुलेच विचारा लागन. बीईईनं (वीजबचतीचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेनं) २०१८ ले घरांसाठी इको निवास संहिता काढली, त्यात भिंती अन् खिडक्यातून किती गरमी आत येते त्याचा आकडा हाय, आरईटीव्ही म्हणतात, तो चौरस मीटरले १५ वॅटच्या आत पाह्यजे, अन् वरच्या स्लॅबचा यू-व्हॅल्यू, म्हणजे स्लॅबमधून गरमी किती लवकर आत येते तो आकडा, १.२ च्या वर नको. वर काहीच न टाकलेला उघडा स्लॅब असला तं तो ३ च्याही वर जाते. आर्किटेक्टले हे दोन आकडे माग अन् तोंड पाह्य त्याचं 😄

फ्लाय ॲशची वीट चांगलीच हाय, कोराडी-चंद्रपूरच्या वीजकेंद्राची राख कामी येते अन् शेताची वरची माती भट्टीत जात नाही. पण ती थंड असते हे कोणी सांगतलं? गरमी अडवाले एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका सिमेंटचा ब्लॉक) बरा.

अन् खरा मोठा हिशोब बांधकामातच असते. आमच्या धंद्यात ढोबळ धरतात, एका चौरस फुटाले ०.४ पोतं सिमेंट अन् ४ किलो सळाख. ९०० चौरस फुटाच्या फ्लॅटले झालं १८ टन सिमेंट अन् साडेतीन टन लोखंड. सिमेंटच्या टनाले ०.६५ टन अन् लोखंडाच्या टनाले अडीच टन कार्बन डायऑक्साइड धरला तं वीस टन, विटा टाईल्स काच सोडून. आता तू महिन्याले १५० युनिट जाळले अन् युनिटले ०.७ किलो धरले तं वर्षाचा होते सव्वा टन. म्हणजे गृहप्रवेशाआधीच १६ वर्षांची लाईट जळून गेली. जुना पण मजबूत फ्लॅट भेटत असन तं तोही पाह्य.

आर्वीची_ताई
मी आर्वीले तिसऱ्या मजल्यावर राह्यते, वर डायरेक्ट स्लॅब. हे कोणी विचारतच नाही म्हणून सांगते, कुलर कुठं ठेवाचा ते आधी पाहा. आमच्या खिडक्या सरकत्या काचेच्या, बाहेर छज्जा नाही, ग्रिल पक्की. कुलर बाल्कनीत ठेवला तं दार उघडं राह्यते अन् हवा निघाले समोर दुसरी खिडकीच नाही, मंग नुसता दमटपणा, गाद्या चिकट. पहिल्याच मे महिन्यात एसी घ्या लागला. गावच्या कवेलूच्या घरात एका कुलरवर सात जणं झोपत होतो आम्ही. आता दरवर्षी मार्चात स्लॅबले चुना मारतो, रात्री फरक पडते.

बोअरवाला_मोर्शी
ताई बरोबर हाय पण आमच्या वरुड-मोर्शीत पाण्याचीच बोंब, दोन्ही तालुके अतिउपशात गेले, म्हणजे जमिनीत मुरते त्याहून जास्त पाणी उपसतात. बोअर ९०० फूट म्हणजे पाणी समजा ७०० फुटावर. १००० लिटर तिथून वर आणाले निव्वळ ताकद लागते ०.५८ युनिट, मोटार-पंप ४० टक्के कामाचा धरला तं दीड युनिट. माणशी १३५ लिटरनं पाच माणसाले रोजचा एक युनिट नुसत्या पाण्याचा, २४ फ्लॅटचे महिन्याले सातशेच्या वर. तुह्या मीटरवर हे दिसत नाही, मेंटेनन्समध्ये येते. तरी कुलरच स्वस्त, २०० वॅटचा १२ तास चालला तं २.४ युनिट अन् त्याचं २०० लिटर पाणी उपसाले ०.३. दीड टनाचा एसी तेवढाच चालला तं दहा-बारा युनिट सहज. पावसाळ्यात कुलर बिनकामाचा, ते वेगळं.

रेन हार्वेस्टिंगचा पाईप दाखवन तो, त्यावर जाऊ नको. छत ५०० चौरस मीटर अन् पाऊस ८०० मिलिमीटर धरला तं ४ लाख लिटर होते, तेही थेंब न थेंब पकडला तं. तुमच्या २४ घरांचं पंचवीस दिवसाचं पाणी. बाकी वर्षभर उपसाच. सोलर मात्र मागजो, पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलरच्या योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराले किलोवॅटमागं १८,००० सबसिडी हाय, १० किलोवॅटनं रोजचे ४० युनिट निघतात, बोअर अन् लिफ्ट त्यात भागते. पॅनलखालचा स्लॅब सावलीत राह्यते तो फायदा वेगळाच.

संत्रावाला_वरुड
कालच जाऊन आलो. आरईटीव्ही म्हटलं तं बिल्डर म्हणे हे कोणत्या कंपनीचं येते 😂 भिंती उभ्या झाल्या, आता ब्लॉक बदलत नाही म्हणे. सोलरवर “सोसायटी झाली का तुम्ही लावजा”. चौथा मजला सोडला, दुसऱ्यावरचा पूर्वेकडचा पाहून राह्यलो, दोन बाजूनं खिडक्या हायेत. कुलरच्या छज्ज्याले मात्र साफ नाही, एलिव्हेशन (बिल्डिंगीचा बाहेरचा देखावा) खराब होते म्हणे. ताई, ग्रिल कापून कुलर बसवता येते का?

आर्वीची_ताई
येते. पण आमच्या सोसायटीनं कापू देली नाही. बुकिंगच्या आधीच लिहून घ्या.